वजन उतरल्यावर उरणारी दंडाची कातडी : शस्त्रक्रियेचे पर्याय आणि न सुटलेले प्रश्न

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षात चाळीस-पन्नास किलो वजन उतरलेली माणसे आता सोलापुरातही नवलाची राहिलेली नाहीत. साखर आटोक्यात येते, गुडघ्यांचे दुखणे कमी होते, जिना चढताना धाप लागत नाही. पण हात वर केला की दंडाखाली लोंबणारी सैल कातडी दिसते आणि ती कोणत्याही व्यायामाने जात नाही. ब्लाऊज अंगाला बसवायचा तर बाही दंडात अडकते आणि बाहीच्या मापाने शिवला तर छातीत ढगळ होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेला की काखेजवळच्या घडीत घाम साचतो, खाज सुटते, बुरशी वाढते. या कातडीवर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. त्याला वैद्यकीय भाषेत ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. तो कोणी करावा, कोणत्या पद्धतीने करावा, त्याची किंमत काय आणि ती कोणी द्यावी, यावर गेली वीस-पंचवीस वर्षे जगभर चर्चा चालू आहे. तिचा आज कुठवर निकाल लागला आहे, हे सोलापूर परिसरातल्या रुग्णाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कातडी मागे का येत नाही

त्वचेला ताण सहन करून पुन्हा पूर्ववत होण्याची शक्ती देतात ते कोलॅजन आणि इलॅस्टिन हे तंतू. अनेक वर्षे चरबीने ताणलेल्या त्वचेत हे तंतू विरळ होतात, त्यांची जाळी विस्कटते. चरबी गेली तरी विस्कटलेली जाळी पुन्हा विणली जात नाही. वय जितके जास्त, लठ्ठपणाची वर्षे जितकी जास्त, वजन जितके जास्त उतरलेले, तितकी उरलेली कातडी अधिक. तंबाखूने त्यात भर पडते.

दंडाची अडचण आणखी वेगळी आहे. आतल्या बाजूची कातडी मुळातच पातळ असते आणि चरबी साठते ती मागच्या-खालच्या बाजूला. अमेरिकन प्लास्टिक सर्जन टेड लॉकवुड यांनी १९९५ साली मांडलेली उपपत्ती आजही आधार मानली जाते. त्यांच्या मते दंडाच्या मागच्या बाजूचे चरबीखालचे पापुद्रे काखेतल्या पापुद्र्यांना बांधलेले असतात आणि त्यांच्यामार्फत गळ्याच्या हाडाला. वय आणि वजनातील चढउतार यांमुळे ही बांधणी सैल पडते आणि सगळा भार खाली झुकतो. व्यायामाने दंडाच्या मागचा स्नायू भरतो, त्याने थोडा फरक दिसतो. पण वीस-तीस किलोंहून अधिक वजन उतरलेल्या माणसाची सैल कातडी स्नायूने भरून निघण्याच्या पलीकडे गेलेली असते. मलमे, तेले, मालिश यांचा या प्रमाणातल्या सैलपणावर उपयोग होतो असा पुरावा नाही. व्यायामशाळेत महिनोन्महिने घाम गाळून, कातडी तशीच राहिली म्हणून स्वतःलाच दोष देणाऱ्यांना हे कोणी तरी आधीच सांगायला हवे.

थोडी मागची गोष्ट

दंडावरची जादा कातडी कापून काढण्याचे पहिले वर्णन शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी १९३० साली केले असे मानले जाते. १९५४ मध्ये अर्जेंटिनातल्या कोरेआ-इतुरास्पे आणि फर्नांडिस यांनी सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून ती मांडली. पुढची चाळीस वर्षे ही शस्त्रक्रिया फारशी आवडती नव्हती, कारण काखेपासून कोपरापर्यंतचा व्रण ताणला जाई, रुंद होई, खाली सरके. लॉकवुड यांनी खोलवरचे पापुद्रे काखेतल्या घट्ट ऊतींना टाक्यांनी अडकवण्याची पद्धत दिली. त्यामुळे ताण कातडीवर न पडता आतल्या थरावर पडू लागला. त्याआधी १९८७ मध्ये जेफ्री क्लाइन यांनी खारे पाणी, अ‍ॅड्रेनालिन आणि भुलीचे औषध यांचे मिश्रण चरबीत भरून मग ती शोषून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. आज दंडावर होणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रियांत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

खरी गर्दी वाढली ती पोटावरच्या वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागल्यावर. पुण्या-मुंबईत त्या गेल्या दोन दशकांत रुळल्या. २०१७ मध्ये इजिप्तहून आलेल्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात झालेल्या उपचारांमुळे हा विषय घरोघरी पोहोचला. २०२२ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून पात्रतेची पातळी खाली आणली: बॉडी मास इंडेक्स ३५ असेल तर इतर आजार असोत वा नसोत, आणि आशियाई लोकांत २७.५पासूनच, शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, अशी शिफारस झाली. पात्र रुग्ण वाढले की वर्षभराने कातडीचे रुग्णही वाढणार, हे उघड होते. त्या वर्षभरानंतरची सोय कोणी करायची, हे मात्र त्या शिफारशींच्या कक्षेबाहेर राहिले.

महाराष्ट्रातल्या प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला गेला तो भाजलेल्या, कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्या माणसांसाठी. इंग्लंडहून शिकून आलेल्या डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम उभे केले. गमावलेले परत मिळवून देणे ही त्या परंपरेची ओळख. वजन उतरल्यानंतरची कातडी या परंपरेत बसते की सौंदर्यशस्त्रक्रियेत, हा आजच्या वादाचा गाभा आहे आणि तो पुढे पैशाच्या प्रश्नात पुन्हा समोर येईल.

कोणाला काय लागू पडते

पद्धती अनेक आहेत, पण निवड पाहिली तर ती तीन प्रश्नांवर ठरते: कातडी किती सैल आहे, आत चरबी किती उरली आहे आणि सैलपणा कुठवर पसरला आहे. २००६ मध्ये अ‍ॅपेल्ट, जॅनिस आणि रोहरिच यांनी याच प्रश्नांवरून मांडलेली वर्गवारी आजही बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. पिट्सबर्गच्या गटाने त्याआधी वर्षभर, २००५ मध्ये, शरीराच्या दहा भागांसाठी शून्य ते तीन अशी श्रेणी दिली होती. दंडाची श्रेणीही त्यात आहे.

चरबी आहे पण कातडी घट्ट आहे, अशा दंडाला नुसते लायपोसक्शन पुरते. बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी शोषली जाते, व्रण जवळपास दिसत नाही. पण प्रचंड वजन उतरलेल्या रुग्णात असा दंड क्वचितच आढळतो. त्याची चरबी काढली तर झोळी आणखी रिकामी आणि अधिक लोंबती होते. कमी व्रणाच्या आशेने नुसते लायपोसक्शन करून घेतलेले रुग्ण पुन्हा कातडी काढण्यासाठी येतात, ते यामुळेच.

सैलपणा दंडाच्या वरच्या तिसऱ्या भागातच असेल तर काखेच्या घडीत लपणाऱ्या छोट्या छेदातून कातडी वर ओढून घेता येते. हा पर्याय ऐकायला सर्वांत गोड आणि वापरायला सर्वांत मर्यादित आहे. कोपराच्या वरपर्यंत लोंबणारी कातडी काखेतून ओढून घट्ट होत नाही. उलट काखेत चुण्या पडतात आणि व्रण ताणून रुंद होतो.

म्हणून वजन उतरलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठी उरतो तो पूर्ण छेद, काखेपासून कोपरापर्यंत. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला बसवून किंवा उभे करून, हात काटकोनात वर धरायला लावून, कातडी चिमटीत पकडत रेषा आखल्या जातात. हे आखणे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे. भूल दिल्यावर चरबीत पाणी भरून ती शोषली जाते, मग आखलेली पट्टी कापून दोन्ही कडा जोडल्या जातात. शिंपी ढगळ बाही शिवणीतून आत घेतो, तसेच हे काम आहे. एकदम सगळी पट्टी कापून मग जोडायला गेले तर तोवर दंड सुजलेला असतो आणि कडा जुळत नाहीत. म्हणून अनुभवी सर्जन थोडे कापतात, थोडे जोडतात, मग पुढे सरकतात. सलाइन आणि रक्तदाबाचा पट्टा या काळात हाताऐवजी पायाला लावतात. नुसत्या दंडांना दोन ते तीन तास लागतात.

सैलपणा काखेतून छातीच्या कडेवर उतरला असेल, आणि खूप वजन उतरलेल्यांत तो बहुधा उतरतोच, तर छेदही काख ओलांडून खाली न्यावा लागतो. डेनिस हर्विट्झ यांची इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पद्धत याच गरजेतून आली. काखेतून सरळ रेषा नेली तर पुढे तो व्रण आकसून हात पूर्ण वर जाऊ देत नाही. म्हणून तिथे रेषा मोडून झेड आकाराचे किंवा नागमोडी टाके घेतात. भाजल्यानंतर काखेत आखडलेल्या हातांवर काम केलेल्या सर्जनला हा धोका वेगळा शिकवावा लागत नाही.

सर्जन-सर्जनांतले मतभेद

पहिला मतभेद व्रण कुठे ठेवावा याचा. एक बाजू दंडाच्या आतल्या खाचेत ठेवते: हात खाली असताना तो दिसत नाही, वर केला की दिसतो. दुसरी बाजू मागच्या कडेला नेते: समोरून दिसत नाही, आतल्या बाजूच्या नसांपासून तो दूर राहतो, पण पाठीमागून पाहणाऱ्याला दिसतो. दोन्हींत खरे-खोटे ठरवण्याजोगे काही नाही. रुग्ण कोणते कपडे घालते, कामात हात किती वर जातो, व्रण स्वतःला दिसलेला अधिक खुपेल की दुसऱ्याला, यावर उत्तर बदलते. बंद बाहीचा कुर्ता रोज घालणाऱ्या शिक्षिकेचे आणि स्टेजवर नाचणाऱ्या मुलीचे उत्तर एकच असण्याचे कारण नाही. हा निर्णय आरशासमोर, व्रणाची जागा पेनाने आखून, रुग्णानेच घ्यावा असे मला ठामपणे वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा सर्जनच्या सवयीची जागा ठरते.

दुसरा मतभेद एका बैठकीचा की दोन बैठकींचा. चरबीही खूप आणि कातडीही खूप, अशा जड दंडावर काहींचा सल्ला आधी लायपोसक्शन करून दंड हलका करावा आणि काही महिन्यांनी कातडी काढावी, असा असतो. त्याने आकार सुबक येतो, कडांवर ताण कमी पडतो. दुसरे म्हणतात, एकाच वेळी चरबी शोषून आणि फक्त वरवरच्या पातळीवर कातडी काढून खालच्या रसवाहिन्या व नसा वाचवता येतात, मग दोनदा भूल आणि दोनदा खर्च कशाला? फ्रान्सच्या पास्कल आणि ल लुआर्न यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत या दुसऱ्या बाजूची. आज कल एका बैठकीकडे आहे, पण अतिजड दंडासाठी दोन बैठकांचा पर्याय टिकून आहे.

नळ्या ठेवायच्या की आतून शिवून पोकळी बंद करायची, हा तिसरा. त्यावर एकमत नाही आणि रुग्णाच्या दृष्टीने तो फार मोठाही नाही.

चौथ्या मुद्द्यावर अधिक बोलायला हवे, कारण जाहिराती त्याच्याच आहेत. रेडिओफ्रीक्वेन्सी, हेलियम प्लाझ्मा अशा उपकरणांनी कातडीखाली उष्णता देऊन ती आकसवण्याचा दावा केला जातो. थोड्या सैल कातडीवर थोडा परिणाम दिसतो, हे मान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये हेलियम प्लाझ्माच्या एका उपकरणाच्या सौंदर्योपचारातल्या वापराबद्दल सावधगिरीची सूचना काढली आणि त्याच वर्षी पुढे काही विशिष्ट वापरांना मंजुरीही दिली. म्हणजे उपकरण वाईट नाही, वापर मर्यादित आहे. पन्नास किलो वजन उतरलेल्या दंडावर बिनव्रणाचा इलाज म्हणून ते विकले जाते तेव्हा रुग्णाची फसगत होते.

गुंतागुंतीचे आकडे कसे वाचावेत

ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, असे विचारले तर दोन टोकांची उत्तरे मिळतात आणि दोन्ही छापील आहेत. अमेरिकेतल्या एका विमा-नोंदवहीतील दोन हजारांहून अधिक दंडशस्त्रक्रियांच्या अभ्यासात मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के निघाले. २०१३ मध्ये झोमर्ले आणि सहकाऱ्यांनी ९६ रुग्ण तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत काही ना काही गुंतागुंत झालेली होती आणि पाचात एकाहून अधिकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली होती. यात कोणी खोटे बोलत नाही. पहिल्या अभ्यासात पुन्हा रुग्णालयात जावे लागेल असेच प्रसंग मोजले. दुसऱ्यात पाणी साठणे, टाका उघडणे, व्रण जाड होणे हेही मोजले. डॉक्टर तीन टक्के म्हणतात तेव्हा काय मोजून, हे विचारायला हवे.

या यादीत रुग्णाला सर्वांत अनपेक्षित असते ती नसेची इजा. दंडाच्या आतल्या बाजूने हाताच्या पुढच्या भागाला संवेदना देणारी एक नस कोपराच्या आतल्या हाडापासून सरासरी १४ सेंटिमीटर वर खोल थरातून वर येते. नेटगेन आणि मोरन यांनी २००६ मध्ये मृतदेहांवर मोजून हे दाखवले. छेदाची रेषा नेमकी तिथून जाते. नस दुखावली तर कोपराखाली बधिरपणा किंवा जळजळ राहते, कधी कायमची. त्या भागात चरबीचा एक थर मुद्दाम मागे ठेवावा, हा धडा त्यातूनच आला. जिवाला धोका असलेले प्रसंग या शस्त्रक्रियेत विरळ आहेत. व्रण मात्र प्रत्येकाला येतो आणि तो पक्व व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

आपली त्वचा, आपली हवा, आपल्या सवयी

वर दिलेले जवळजवळ सगळे आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत व्रण जाड होणे, काळवंडणे, केलॉइड बनणे यांचे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त, हे त्वचाशास्त्रात सर्वमान्य आहे. छाती, खांदा, दंड या जागा त्यासाठी आधीच कुप्रसिद्ध. मग दंडाच्या पूर्ण लांबीचा व्रण भारतीय त्वचेत दोन वर्षांनी कसा दिसतो, हा सोलापूरच्या रुग्णाचा पहिला प्रश्न असायला हवा, आणि त्याला उत्तर देणारी मोठी भारतीय नोंदवही या क्षेत्राने उभी केलेली नाही. भारतीय प्लास्टिक सर्जनांची संघटना १९५७ पासून आहे, तिचे नियतकालिक आहे. हे काम तिच्या आवाक्यातले आहे. मला ही या विषयातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

हवेचा विचारही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे दंडावर घट्ट दाबबाही घालावी लागते. सोलापूरच्या मे महिन्यात ती चोवीस तास अंगावर ठेवणे म्हणजे घामोळे आणि काखेतल्या टाक्यांना ओल. निवडीला वाव असेल तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

सवयींत पहिली तंबाखू. सिगारेट ओढत नाही, असे खरेपणाने सांगणारी बाई सकाळी मिश्री लावत असते आणि ते तिला तंबाखू वाटत नाही. निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसवते, कडा काळ्या पडतात, टाके उघडतात. मिश्री, गुटखा, मावा, सगळे किमान चार आठवडे आधी बंद हवे, आणि डॉक्टरांनीही प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारायला हवा.

दुसरे रक्त आणि प्रथिने. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. त्यात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि खाणे मुळातच कमी झालेले असते. ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी एवढ्यावर जखम भरायला लागणारी प्रथिने निघत नाहीत. डाळ, दही, अंडी, शेंगा यांचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून आधीच मांडून घ्यावा लागतो. म्हणूनच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबावे, वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर असावे आणि रक्ततपासण्या ठीक असाव्यात, यावर सगळ्या बाजूंचे एकमत आहे. या क्षेत्रात इतके पक्के एकमत दुसऱ्या कशावर नाही.

पैसे कोणी द्यायचे

इथे प्रश्न शस्त्रक्रियेच्या पलीकडे जातो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया त्यानुसार ठराविक अटींवर मिळते: बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. पुढच्याच काही कलमांत प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करणाऱ्या, डॉक्टरांनी आवश्यक ठरवलेल्या उपचाराचा. दंडाच्या घडीतली बुरशी थेट आहे, पण तातडीची नाही. म्हणून दावा बहुधा नाकारला जातो. वस्तू व सेवा कराच्या नियमांतही आरोग्यसेवेला मिळणारी सूट अशा शस्त्रक्रियेला लागू होत नाही; जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा या कारणांनी केलेली पुनर्रचनाच तिथे अपवाद धरली आहे. उतरलेल्या वजनाने उरलेली कातडी यातल्या कोणत्याच शब्दात बसत नाही.

एका बाजूचे म्हणणे असे: अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार मानले, त्याच्या उपचाराला विमा मिळतो, मग त्या उपचाराचा अटळ परिणाम सौंदर्याचा कसा ठरतो? कातडी काढलेल्या रुग्णांचे वजन पुढे अधिक चांगले टिकते, असे दाखवणारे अभ्यासही ही बाजू पुढे करते. दुसरी बाजू उत्तर देते, की ते अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. ज्यांचे वजन आधीच टिकले आहे त्यांनाच ही शस्त्रक्रिया मिळते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगता येत नाही. पोटावरच्या झोळीने चालण्यात अडथळा येतो, जखमा होतात. दंडाबाबत तसा पुरावा कमकुवत आहे. शिवाय सार्वजनिक रुग्णालयातले शस्त्रक्रियागृह मर्यादित आहे. सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात भाजलेली, अपघातात हात चिरडलेली माणसे रांगेत असताना दंडाची कातडी कुठे बसवायची, हा प्रश्न हृदयशून्य नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तोच प्रश्न आहे आणि तिथे कोणत्या भागात राहता यावर उत्तर बदलते.

मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात, पण मधली एक वाट कोणी नीट चोखाळलेली नाही. वारंवार होणारी बुरशी, त्यावरची औषधे, हात वर नेण्यातली अडचण यांची नोंद त्वचारोगतज्ज्ञाच्या कागदावर वेळोवेळी होत राहिली तर वैद्यकीय गरजेचा दावा निदान तपासण्याजोगा होतो. आज रुग्ण लाजेने ही तक्रार सांगतच नाहीत, डॉक्टर मलम देऊन वहीत काही लिहीत नाहीत, आणि दाव्याच्या वेळी हातात फोटोंखेरीज काही नसते. परिणाम रुग्णाच्याच शब्दांत मोजण्यासाठी २०१६ मध्ये बॉडी-क्यू नावाची प्रश्नावली आली. तिच्यासारखी मराठीत, कन्नडात, तेलुगूत पारखून घेतलेली साधने असतील तर सोलापूरच्या तिन्ही भाषांतल्या रुग्णांचे म्हणणे आकड्यात उतरू शकेल.

सोलापुरातून हा निर्णय घेताना

सोलापूर हे धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागांतल्या रुग्णांचे आधीपासूनचे ठिकाण आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अश्विनी सहकारी रुग्णालय आणि खासगी दवाखान्यांची दाट वस्ती यांमुळे वैद्यकीय मनुष्यबळ इथे कमी नाही. तरीही वजन उतरल्यानंतरच्या शस्त्रक्रियांसाठी अनेक जण पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात, कारण पोटाची शस्त्रक्रियाही तिथेच झालेली असते. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि २०२३ पासून वंदे भारत गाडीने प्रवास सोपा झाला आहे. पण कठीण भाग शस्त्रक्रियेचा दिवस नसतो. पाणी साठले, टाका उघडला, कडा लाल झाली, हे दहाव्या-पंधराव्या दिवशी घडते आणि तेव्हा हात उशांवर उंच ठेवून घरी बसलेल्या रुग्णाला रेल्वेत बसवणे जिकिरीचे होते. बाहेरगावी शस्त्रक्रिया करणाऱ्याने सोलापुरातल्या एखाद्या प्लास्टिक सर्जनशी आधीच बोलून घ्यावे, आणि बाहेरच्या सर्जननेही त्याला कमीपणा मानू नये.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एम. सीएच. किंवा तिच्या तोडीची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहावी. त्याहून उपयोगी म्हणजे त्यांच्याच रुग्णांचे वर्षभरानंतरचे, हात वर केलेले फोटो मागावेत. सहा आठवड्यांचा फोटो सगळ्यांचाच चांगला दिसतो.

घरच्यांनाही आधी बसवून सांगायला हवे. चार ते सहा आठवडे जड उचलता येत नाही. पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल, सगळे बंद. यंत्रमागावर किंवा शिलाई मशिनवर काम करणाऱ्या, रोज विड्या वळणाऱ्या बाईसाठी ही सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी असते आणि खर्चाच्या अंदाजात ती कोणीच धरत नाही.

इंजेक्शनांनी बदललेले गणित

आतापर्यंतची सगळी मांडणी पोटाच्या शस्त्रक्रियेने वजन उतरलेल्यांवर बेतलेली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीला आले; सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन उतरले. औषध स्वस्त होईल तसे सैल दंडांचे रुग्ण शस्त्रक्रिया न झालेल्यांतूनही येतील आणि त्यांतले बरेच मध्यम सैलपणाचे असतील. काखेतल्या छोट्या छेदाची आणि उष्णतेच्या उपकरणांची मर्यादित उपयुक्तता अशा रुग्णांत पुन्हा तपासावी लागेल.

भुलीचा प्रश्न आधीच पुढे आला आहे. ही औषधे जठर सावकाश रिकामे करतात, त्यामुळे उपाशीपोटी आलेल्या रुग्णाच्याही पोटात अन्न असू शकते आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी २०२३ मध्ये आठवड्याचे इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवण्याचा सल्ला दिला आणि २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून तो सैल केला: बहुतेकांनी औषध चालू ठेवावे, धोका जास्त असलेल्यांनी आदल्या दिवशी फक्त द्रवपदार्थ घ्यावेत. इंजेक्शनची गोष्ट डॉक्टरांपासून लपवणाऱ्या रुग्णाला मात्र यातली कोणतीच सूचना वाचवू शकत नाही.

त्याहून अवघड आहे ते वजन स्थिर कधी मानायचे हे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले, असे त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. तीन ते सहा महिने स्थिर वजन ही अट पोटाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी ठरलेली होती. इंजेक्शन चालू आहे तोवर स्थिर असलेले वजन त्याच अर्थाने स्थिर धरावे का, औषधाचा खर्च पुढे झेपेल याची खात्री नसलेल्या रुग्णाच्या दंडावर पूर्ण लांबीचा छेद घ्यावा का, आणि कातडी काढून झाल्यावर वजन परत आले तर तो ताण नव्या व्रणावर कसा दिसेल, यावर कोणत्याही संघटनेची सर्वमान्य सूचना अजून तयार झालेली नाही. सध्या प्रत्येक सर्जन आपल्या अंदाजाने थांबायला सांगतो. कोणी सहा महिने, कोणी वर्षभर.